गाडीची बॅटरी सारखी का उतरते? लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी सिंधुदुर्गात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. गणपतीच्या आधी आठ दिवस आणि नंतर आठ दिवस फोनवर एकच विषय असतो, गाडी सेल्फ घेत नाही. प्रत्येकाला तेच परत परत टाईप करण्यापेक्षा आलेले प्रश्न इथे एकत्र लिहून ठेवतोय. एकच सांगणं आहे, मोजल्याशिवाय नवीन बॅटरी घेऊ नका. बॅटरी उतरते त्याला कारण असतं आणि बऱ्याचदा ते बॅटरीच्या बाहेर असतं.

१. बॅटरीच डाऊन आहे की दुसरं काही बिघडलंय, कसं ओळखायचं?

चावी फिरवा आणि कान देऊन ऐका. किट-किट-किट असा भराभर आवाज आला आणि मीटरवरचे दिवे मंद झाले तर बॅटरीत दम नाही किंवा टर्मिनल नीट बसलेलं नाही. एकच जोरात टक्क आवाज आला आणि दिवे तसेच लख्ख राहिले तर सेल्फ मोटरकडे किंवा अर्थिंगकडे, म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणि इंजिनला जाणाऱ्या जोडाकडे बघा. इंजिन नेहमीच्या स्पीडने फिरतंय पण चालू होत नाहीये तर बॅटरीचा संबंध नाही, पेट्रोल, प्लग, सेन्सर तिकडे शोधा. आणि काहीच नाही, दिवाच लागत नाही, तर आधी टर्मिनल हाताने हलवून बघा. हलत असेल तर दहाचा पाना घेऊन घट्ट करा, पुष्कळ वेळा गाडी तिथल्या तिथे चालू होते.

२. मल्टीमीटर घ्यायलाच हवा का? आणि किती व्होल्ट दाखवायला हवेत?

हो, घ्या. साधा डिजिटल मीटर काही शे रुपयांत येतो आणि पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी दार उघडायच्या आधी, नाहीतर बॉनेट उघडून थोडा वेळ थांबून, मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून थेट बॅटरीच्या दोन खांबांवर लावा. १२.६ किंवा वर म्हणजे फुल. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव राहिलीये, आणि ११.८ म्हणजे संपली. गाडी आत्ताच चालवून आणली असेल तर आकडा खोटा चढलेला दिसतो, अशा वेळी इंजिन बंद ठेवून हेडलाईट दोन मिनिटं लावा, बंद करा, मग मोजा.

दुसरं माप सेल्फ मारताना. कोणालातरी चावी फिरवायला सांगा आणि मीटर बघा. आधी फुल असलेली बॅटरी सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर तिचा जीव संपत आलाय. बॅटरी आधीच उतरलेली असेल तर या टेस्टला अर्थ नाही, आधी चार्जिंगला लावा.

३. दादा, नवीन बॅटरी टाकली आणि तीन महिन्यांत परत तेच. दुकानदाराने खराब माल दिला का?

असू शकतं, पण आधी तीन गोष्टी बघा: बॅटरी चार्ज धरून ठेवते का, गाडी तिला चार्ज करते का (प्रश्न ४), आणि गाडी बंद असताना कोणी ती पितंय का (प्रश्न १०). या तिघांतलं दुसरं किंवा तिसरं बिघडलेलं असेल तर तुम्ही सोन्याची बॅटरी टाका, ती पण बसणारच, आणि वर सारखी पूर्ण उतरल्यामुळे नवीन बॅटरी आतून मरते. उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडली की प्लेटवर सल्फेट कडक होऊन बसतं आणि मग चार्ज धरत नाही. म्हणजे तीन महिन्यांनी दुकानात टेस्ट केली तर "बॅटरी खराब" असंच येणार, पण खराब केली गाडीने.

माझ्या स्वतःच्या गाडीवर हे झालंय. मी हे काम शिकायच्या आधीची गोष्ट, एका वर्षात दोन बॅटऱ्या घेतल्या, दोन्ही वेळा गॅरेजवाल्याने मीटर न लावताच "बॅटरी गेली" सांगितलं. शेवटी सापडली ती इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी, आतून हिरवी होऊन दोन-चार तारांवर तगलेली. पट्टी बदलली, त्यानंतर त्याच दुसऱ्या बॅटरीवर गाडी चार वर्षं चालली. दोन बॅटऱ्यांचे पैसे त्या वेळी माझ्यासाठी लहान नव्हते, म्हणून आज कोणी आलं की मी आधी मीटर काढतो.

४. अल्टरनेटर चार्ज करतोय की नाही ते घरी बघता येतं का?

येतं. अल्टरनेटर म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारा डायनमो. इंजिन चालू करून बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.५ च्या आसपास असेल तर ठीक. आता एसी, हेडलाईट, वायपर, मागची काच गरम करणारा स्विच, सगळं लावा आणि ॲक्सिलेटर थोडा वाढवा, तरी १३.५ च्या आसपास टिकला पाहिजे. १२.५ वरच अडकला किंवा खाली खाली जातोय तर चार्जिंग होत नाहीये. पट्टा सैल आहे का बघा, पावसात पहिल्या पाच मिनिटांत पट्टा किंचाळत असेल तर तो घसरतोय. उलट १५ च्या वर जात असेल तर बॅटरी शिजतेय, पाणी सारखं कमी होईल, पोट फुगेल, आणि तेही बॅटरी मरण्याचंच कारण.

नवीन गाड्यांत कॉम्प्युटर गरजेप्रमाणे चार्जिंग कमीजास्त करतो, त्यात आकडा मध्येच खाली दिसला तर घाबरू नका.

आणि चालू इंजिनमध्ये बॅटरीची वायर काढून "डायनमो चेक" करण्याची जुनी पद्धत आहे ना, ती आजच्या गाडीवर अजिबात करू नका, व्होल्टेज उसळतं आणि कॉम्प्युटर जाऊ शकतो.

५. गाडी नुसती उभी होती, दोन-तीन आठवडे, तरी उतरली. हे नॉर्मल आहे?

हो, बऱ्यापैकी. गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म, कॉम्प्युटरची मेमरी हे थोडं थोडं घेत असतात. २० ते ५० मिलिअँपिअर इतकं नॉर्मल धरतात. आता ५० धरा, दिवसाला १.२ अँपिअर-तास झाले. बॅटरीत किती मावतं ते याच अँपिअर-तासात मोजतात, छोट्या गाडीची बॅटरी ३५ ची असते, म्हणजे १४ दिवसांत जवळपास १७ गेले, निम्मी संपली. त्यात बॅटरी जुनी असेल तर ३५ लिहिलेली असली तरी आत २० च उरलेले असतात. शिवाय बॅटरी आपोआपही उतरते आणि उन्हात तापली की जास्त वेगाने उतरते, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये गाडी कशी तापते ते सांगायला नको.

पण दोन दिवसांतच उतरत असेल तर ते नॉर्मल नाही, सरळ प्रश्न १० वर जा.

६. आम्ही मुंबईला असतो, शेजारच्या काकांना चावी दिलीये, ते दर रविवारी पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवतात. तरी का उतरते?

काकांचे आभार माना, पण याने भरत नाही. साधा हिशोब, ३० मिलिअँपिअर जरी जात असेल तरी आठवड्याला ५ अँपिअर-तास जातात. जागेवर चालू ठेवलेल्या गाडीतून बॅटरीत १० अँपिअर जरी गेले तरी पाच मिनिटांत एकसुद्धा अँपिअर-तास भरत नाही, त्यातनं सेल्फ मारायला गेलेलं वजा करा. म्हणजे दर रविवारी खड्डा खोलच होत जातो. वर इंजिन पूर्ण तापत नाही म्हणून सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. काकांना चालवता येत असेल तर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवून आणायला सांगा, एसी बंद ठेवून. नसेल येत तर पुढचा प्रश्न वाचा. आणि बंद पडवीत किंवा शटर लावून गाडी चालू ठेवायला कोणालाही सांगू नका, धुरातला विषारी वायू जीव घेतो, त्याला वासही नसतो.

७. मग गावी गाडी दोन-तीन महिने ठेवायची तर नक्की काय करायचं?

बॅटरी आधी फुल चार्ज करा आणि मायनसची, म्हणजे काळी वायर काढून ठेवा. एवढंच. काढताना आधी काळी, लावताना काळी शेवटी, कारण लाल सोडवताना पाना बॉडीला लागला आणि काळी जोडलेली असली की ठिणगी उडते. घड्याळ शून्यावर जाईल, काचांचं ऑटो बटण परत शिकवायला लागेल, काही म्युझिक सिस्टीम कोड मागतात तो आधी शोधून ठेवा. आणि चावी खिशात ठेवा, गाडीत नको. चावीतलं लोखंडी पातं कुठल्या दाराला लागतं ते आधीच करून बघा, नाहीतर बॅटरी काढल्यावर गाडीच उघडत नाही अशी फजिती होते.

प्लगपॉईंट जवळ असेल तर बॅटरी मेंटेनर म्हणून बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर मिळतो तो लावून ठेवता येतो, पण पावसात आपल्याकडे लाईट जाते-येते आणि घर बंद असतं, मला स्वतःला बंद घरात दोन महिने काही लावून ठेवायला पटत नाही. वायर काढणं बरं. कट-ऑफ स्विच बसवून घेतला तर पाना पण लागत नाही.

वायर काढून ठेवलेली बॅटरी सुद्धा दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करायला हवी.

८. टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशीसारखी पावडर येते, साफ केली तरी परत येते. त्याने बॅटरी उतरते का?

उतरते असं नाही, पण भरत नाही आणि देत पण नाही, म्हणजे तुम्हाला वाटतं उतरली. खांब आणि क्लॅम्प यांच्यामध्ये थर बसला की करंट अडतो. बॅटरीतून निघणारी ॲसिडची वाफ आणि त्यात आपलं खारं वारं, मालवण, देवगड, हर्णै, गुहागर, किनाऱ्याला कुठेही जा, घाटावरच्या गाडीपेक्षा इथल्या गाडीला हे लवकर होतं.

साफ करायचं तर आधी काळी, मग लाल वायर काढा. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, फसफसेल, फसफसणं थांबेपर्यंत. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये. साध्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा, क्लॅम्प घट्ट बसवा आणि मग वरून व्हॅसलीन चोपडा. व्हॅसलीन आधी लावून वर क्लॅम्प बसवतात बरेच जण, तसं नको, धातूला धातू लागला पाहिजे. डोळ्याला चष्मा असू दे. डोळ्यात ॲसिड गेलंच तर भरपूर पाण्याने धुत राहा आणि डॉक्टरकडे जा.

साफ करूनही महिन्याभरात परत पावडर येत असेल तर खांबाच्या बुडाशी बॅटरी गळतेय किंवा जास्त चार्ज होतेय, प्रश्न ४ प्रमाणे मोजा.

अजून एक, बॅटरीच्या वरचा भाग. तिथे धूळ, खार आणि ॲसिड यांचा ओलसर थर बसतो आणि त्यातून प्लसकडून मायनसकडे थोडा थोडा करंट सतत वाहतो. मीटरची एक पिन मायनस खांबाला लावा आणि दुसरी नुसती प्लास्टिकच्या झाकणावरून फिरवा. मीटरने व्होल्ट दाखवले तर गळती तिथेच आहे. सोड्याच्या ओल्या फडक्याने पुसून काढा.

९. बॅटरी १२.६ दाखवते, तरी सेल्फ जड फिरतो. असं कसं?

अर्थिंग बघा. किनाऱ्यावरच्या जुन्या गाडीत मी सगळ्यात आधी हेच बघतो. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर, आणि कोणीतरी सेल्फ मारायचा. ०.२ ते ०.३ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंगच्या वाटेत कुठेतरी गंज आहे. तसंच प्लस खांब ते सेल्फ मोटरचा बोल्ट मोजा, तिथे ०.५ च्या वर नको. पट्टी वरून बरी दिसते आणि रबराच्या आत सडलेली असते, त्यामुळे डोळ्यावर विश्वास ठेवू नका. नवीन पट्टी स्वस्त असते. बोल्टखालचा रंग आणि गंज घासून लावा.

१०. रात्रभरात काहीतरी करंट खातंय. कोण खातंय ते कसं शोधायचं?

शांतपणे करायचं काम आहे, तासभर हाताशी ठेवा.

सगळं बंद करा, बॉनेट उघडं ठेवा, आणि दार उघडं ठेवून त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद केल्यासारखं दाबून ठेवा म्हणजे गाडीला वाटेल दार लागलंय, तुम्हाला मात्र फ्युजपर्यंत हात घालता येईल. बटण स्टार्ट असेल तर चावी लांब घरात ठेवा. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात, मीटर डीसी अँपिअरवर. काळी वायर बॅटरीवरून काढा आणि मीटर मध्ये जोडा, एक पिन खांबाला, एक वायरला. आता हेडलाईट लावू नका आणि चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, घाबरू नका. गाडीचे कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात, कोणाला दहा मिनिटं, कोणाला पाऊण तास. तेवढं थांबा, चहा घेऊन या. नंतर ०.०५ च्या खाली आला तर गाडी निर्दोष. ०.३, ०.५ असा अडकून राहिला तर फ्युज एकेक करून काढा, ज्या फ्युजला आकडा धाडकन खाली येईल त्या लाईनवर चोर आहे. आतले फ्युज झाले की बॉनेटखालचे. एकही फ्युज काढून फरक पडला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर उरते, त्याचं प्रश्न १२ मध्ये लिहिलंय.

क्लॅम्प मीटर असेल तर वायर काढायचीच गरज नाही, पण डीसी अँपिअर मोजणारा हवा, घरच्या वायरिंगवाल्याकडे बहुतेक फक्त एसीचा असतो, तो चालत नाही.

११. साधारण कुठल्या गोष्टी सापडतात?

बाहेरून बसवलेल्या. म्युझिक सिस्टीमचा ॲम्प्लिफायर, पार्किंग मोडचा डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, रिमोट लॉक, जिथे फ्युज न बघता सोयीची वायर कापून जोड दिलाय तिथे आधी बघा. फास्टॅगचं पण विचारतात लोक, तो नुसता स्टिकर आहे, गाडीची बॅटरी घेत नाही.

मग डिकीचा दिवा. पाच वॅटचा छोटा बल्ब, पण दिवसाला १० अँपिअर-तास खातो, तीन दिवसांत छोटी बॅटरी साफ. मोबाईलवर व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवा आणि डिकी बंद करा, दिवा विझतो की नाही कळेल. डॅशबोर्डच्या कप्प्यातला दिवा पण तसाच बघा. ब्रेकचा स्विच अडकून मागचे लाल दिवे लागलेले असतात, ते रात्री गाडीच्या मागे जाऊन बघा. रिले म्हणजे करंट चालू-बंद करणारा छोटा डबीसारखा स्विच, तो चिकटलेला असेल तर हाताला कोमट लागतो.

आणि उंदीर. पावसाळ्यात शेतातून, माळ्यावरून ते उबेला इंजिनात येतात आणि वायर कुरतडतात. लेंड्या किंवा सुपारी-काजूच्या साली दिसल्या तर तिथल्या वायरी बोटाने चाचपून बघा.

१२. टेस्ट केली, सगळं ०.०२ दाखवतं, तरी दर चार दिवसांनी उतरते. आता?

हा खरा अवघड प्रकार. एक म्हणजे वायर काढून परत जोडली की अडकलेलं युनिट रिसेट होतं आणि टेस्टच्या वेळी शहाण्यासारखं झोपतं. यावर उपाय, वायर काढायच्या आधी खांब आणि वायर यांना जंपर, म्हणजे दोन्ही टोकांना क्लिप असलेली जोडवायर, जोडून ठेवा, मग मीटर लावा, मग जंपर काढा, म्हणजे गाडीचा करंट क्षणभरही तुटत नाही. किंवा डीसी क्लॅम्प मीटर.

दुसरं, चोर मधूनच येतो. चावी किचनच्या खिडकीत, गाडी खिडकीखाली, आणि गाडी रात्रभर चावीशी बोलत राहते. चावी लांब ठेवून चार दिवस बघा.

तिसरं, अल्टरनेटरमधला डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. इंजिन चालू असताना मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर मोजा, अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसलं तर डायोडवर संशय. असा डायोड गाडी उभी असताना बॅटरी उलटी पितो आणि कुठल्याच फ्युजवर सापडत नाही, कधी गरम असतानाच करतो, थंड झाल्यावर नाही. बॅटरीची काळी वायर काढून, अल्टरनेटरची जाड वायर सुटी करून टेप गुंडाळा आणि परत मोजा.

आणि चौथं, खरंच बॅटरीचा एक सेल गेलाय. फुल चार्ज करून गाडीतून काढून दोन दिवस नुसती लाकडावर ठेवा. तरी १२.४ च्या खाली आली तर गाडी निर्दोष, बॅटरी बदला.

१३. फक्त पावसाळ्यातच होतं, उन्हाळ्यात काही नाही.

गाडी आंब्याखाली किंवा फणसाखाली उभी असते का? पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं साचतात, पाणी जायची वाट तुंबते आणि ते आत फ्युज बॉक्सवर किंवा कार्पेटखाली उतरतं. कार्पेट दाबून बघा, ओलं लागलं तर कारण मिळालं. ओल्या कनेक्टरमुळे गाडीला वाटत राहतं की दार उघडं आहे आणि ती झोपतच नाही.

दुसरं म्हणजे पावसात हेडलाईट, वायपर, एसी, सगळं चालू आणि गाडी हायवेला किंवा घाटात ट्रॅफिकमध्ये रांगत असते, अशा वेळी भरण्यापेक्षा जास्त जातं. चाकरमानी रात्रभर असे येतात, गाडी खळ्यात लावतात, पोरं दिवसभर आत बसून गाणी लावतात आणि विसर्जनाच्या दिवशी सेल्फ लागत नाही. आल्या दिवशीच मोजून घ्या, १२.४ च्या खाली असेल तर चार्जिंगला लावा.

१४. जंपर लावायचा बरोबर क्रम सांगा. धक्का मारून चालेल का?

लाल वायर उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी शेवटच्या जोडाला उडते, म्हणून लांब. विडी-सिगरेट नको. काढताना उलट क्रम. चालू झाल्यावर "आता भरली" समजू नका, पूर्ण उतरलेली बॅटरी चार्जरवरच नीट भरते, ३५ च्या बॅटरीला ३-४ अँपिअरने रात्रभर.

धक्का फक्त गिअरच्या गाडीला, आणि बॅटरीत थोडा जीव असेल तरच, पूर्ण मेलेल्या बॅटरीवर कॉम्प्युटर जागाच होत नाही, कितीही ढकला. ऑटोमॅटिकला तर नाहीच.

१५. लाईट जाते तेव्हा गाडीची बॅटरी इन्व्हर्टरला लावली तर?

नको. गाडीच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात, क्षणभर जोरात करंट द्यायला केलेल्या. पंखा-दिव्यावर रात्रभर हळूहळू रिकामी केली की थोड्याच वेळात मरते. इन्व्हर्टरचा चार्जर १५० च्या बॅटरीच्या हिशोबाने करंट सोडतो, तोही हिला जास्त होतो. उलट, इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी सुटी करून तिच्यावर गाडी जंप करता येते, अडीअडचणीला मी केलंय.

१६. सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी, हायब्रीड, इलेक्ट्रिक, यांना वेगळं काही?

आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे सारखं चालू-बंद सोसणारी खास बॅटरी असते, तिच्या जागी साधी टाकली तर लवकर बसते. मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो, चार्जरची काळी क्लिप खांबाला न लावता बॉडीच्या धातूला लावा म्हणजे सेन्सरला हिशोब कळतो. काही गाड्यांत नवीन बॅटरी स्कॅनरने नोंदवायला लागते. इलेक्ट्रिक आणि हायब्रीडमध्ये पण बहुतेक वेळा छोटी १२ व्होल्टची बॅटरी असतेच, ती बसली की मोठी बॅटरी फुल असूनही गाडी जागी होत नाही. तिथे केशरी रंगाच्या वायरीला हात लावायचा नाही, ते काम कंपनीच्या माणसाचं.

१७. बॅटरी बदलायचीच ठरली. घेताना काय बघू, आणि जुनीचं काय करू?

प्रश्न २, ४ आणि १० ची मापं झाली असतील तरच बदला. गाडीच्या पुस्तकात दिलेलीच अँपिअर-तासाची घ्या, प्लस-मायनसची बाजू जुळवा, बनवल्याची तारीख बघा, दुकानात सहा महिने धूळ खात पडलेली नको, आणि बिल व वॉरंटी कार्डावर तारीख-शिक्का मारून घ्या. लावण्याआधी दुकानातच मोजायला सांगा, १२.५ च्या खाली असेल तर चार्ज करून मागा.

जुनी दुकानात परत द्या, तिचे पैसे वजा होतात, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेऊन रिसायकल करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकलीये. घराच्या मागे, विहिरीजवळ टाकून ठेवू नका, ॲसिड बागेत ओतून शिसं भंगारवाल्याला देऊ नका. आपला जांभा पाणी पटकन आत सोडतो आणि त्याच विहिरीचं पाणी घरात पितात.